इंटरनेटला टाळे लागते तेव्हा दुकानही बंद पडते

सरकार इंटरनेटवर बंदी घालते, हा विषय वर्तमानपत्रवाल्यांचा, वकिलांचा किंवा कॉलेजातल्या पोरांचा आहे, असा आपल्या बाजारात अजूनही समज आहे. 'आपण कापड विकतो, राजकारण करत नाही, मग आपल्याला काय त्याचे?' असे उत्तर चांगल्या जाणत्या व्यापाऱ्यांकडून ऐकायला मिळते. आमचे म्हणणे याच्या उलट आहे. आज हा मसला सर्वात आधी व्यापाऱ्याचा आणि कारागिराचा आहे. वर्तमानपत्र दोन दिवस उशिरा निघाले तरी वाचणारा वाचतो. दोन दिवस पेमेंट आले नाही तर कारागिराच्या घरी चूल पेटत नाही.

हिशेब साधा आहे. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला आणि रिटर्न भरण्याची जागा सरकारच्या पोर्टलवर गेली. १ एप्रिल २०१८ पासून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पन्नास हजार रुपयांहून अधिक किमतीचा माल पाठवायचा तर ई-वे बिल लागते आणि तेही पोर्टलवरच तयार होते. २०१६ साली यूपीआय आले. आज चहाच्या टपरीपासून साडीच्या पेढीपर्यंत तेच चालते. ग्रे कापडाचा नमुना फोटोने जातो, भाव व्हॉट्सॲपवर ठरतो, बिल्टीचा फोटो तिथेच येतो. पूर्वी भाव कळवायला पोस्टकार्ड होते आणि घाईच्या ऑर्डरीला तार होती. तारेची सेवा जुलै २०१३ मध्ये कायमची बंद झाली.

तात्पर्य, या रस्त्यावर आपण केवळ हौसेने आलेलो नाही. सरकारने कायदा करून, दंडाची भीती दाखवून आपल्याला येथे आणले. ज्याने जुनी वाट मोडून सर्वांना एकाच पुलावरून जायला लावले, त्याने तो पूल केव्हाही, कारण न सांगता बंद करावा काय? आमच्या मते खरा सवाल हा आहे.

नाका कसा बसवतात

आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले आणि उमर कापडाच्या गाठी बांधण्यात गेली. त्यामुळे संगणकाची भाषा सोडून बाजाराच्या भाषेतच सांगतो.

इंटरनेटवरून जाणारा मजकूर, फोटो, पैशाचा हुकूम, सारे लहान लहान पाकिटांत बांधून जाते. प्रत्येक पाकिटावर घेणाऱ्याचा पत्ता आकड्यांत असतो. आपण मात्र नाव टाइप करतो. नावावरून आकडा काढून देणारी एक डिरेक्टरी असते. बंदीचा पहिला आणि सर्वात स्वस्त प्रकार म्हणजे या डिरेक्टरीतून नाव काढून टाकणे. दुकान जागेवर असते, पण पत्ता विचारला तर 'असे दुकानच नाही' असे उत्तर मिळते.

दुसरा प्रकार म्हणजे तो आकडी पत्ताच बंद करणे. यात अडचण अशी की, एका इमारतीत जशी शंभर दुकाने असतात तशी एका आकड्यावर किंवा एका मोठ्या कंपनीच्या जागेत हजारो साईट असतात. इमारतीचा दरवाजा बंद केला की निरपराध दुकानदारही आत अडकतो.

तिसरा प्रकार म्हणजे गाठ सोडून तपासणे. जुन्या जकात नाक्यावर शिपाई गाठीत सळई खुपसून पाही, तसे यंत्र पाकिटात शब्द शोधते. आजकाल बहुतेक पाकिटे कुलूप लावून जातात, तरी वरचे लेबल बरेच वेळा उघडे असते आणि लेबल वाचूनही पाकीट अडवता येते. चौथा प्रकार म्हणजे वेग इतका कमी करणे की, बंद आहे असे म्हणता येत नाही आणि चालू आहे असेही म्हणता येत नाही. पाचवा आणि सर्वात कडक प्रकार म्हणजे सरळ तारच तोडणे. जिल्ह्याचे किंवा राज्याचे इंटरनेट संपूर्ण बंद.

आता पळवाटा पाहा. डिरेक्टरी बिघडवली तर माणूस दुसरी डिरेक्टरी वापरतो. तुर्कस्तानात मार्च २०१४ मध्ये ट्विटरवर बंदी आली, तेव्हा इस्तंबूलच्या भिंतींवर लोकांनी गुगलच्या डिरेक्टरीचा आकडा, चार वेळा आठ, रंगाने लिहून ठेवला होता. पत्ताच बंद केला तर लोक व्हीपीएन वापरतात. व्हीपीएन म्हणजे परगावचा आडत्या समजा. आपण गाठ शिवून, मोहोर लावून आडत्याच्या नावाने पाठवतो. नाक्यावर फक्त आडत्याचे नाव दिसते. आडत्या ती सोडून खऱ्या गिऱ्हाईकाकडे धाडतो. टॉर नावाचा प्रकार त्याच्याही पुढचा. त्यात एकामागे एक तीन आडते असतात आणि माल कोणाकडून निघाला व कोणाकडे गेला या दोन्ही गोष्टी एकाही आडत्याला माहीत नसतात. टॉरची मूळ कल्पना अमेरिकेच्या नौदलाच्या संशोधन शाळेत निघाली हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. सायफन नावाचे साधन कॅनडातील टोरोंटो विद्यापीठात तयार झाले आणि इराणात त्याचा मोठा वापर झाला.

सरकारही हुशार असते. ते आडत्यांची यादी करते आणि त्यांचीही नावे बंद करते. मग नवे आडते निघतात. असा हा चोर-शिपायाचा खेळ चालू राहतो. मात्र पाचव्या प्रकारात, म्हणजे तारच तोडली तर, यातले काहीच चालत नाही. रस्ताच नाही तर आडत्या काय करणार?

हा रोग जुना आहे

इंटरनेट नवे असले तरी हा रोग नवा नाही. इंग्रजांनी १८७८ साली देशी भाषांतील वर्तमानपत्रांसाठी कडक कायदा केला. कलकत्त्याच्या 'अमृत बाजार पत्रिका'ने त्यातून वाट काढली. ते बंगाली पत्र इंग्रजीतून निघू लागले आणि कायदा हात चोळत बसला. चार वर्षांनी, १८८२ साली, लॉर्ड रिपनच्या कारकिर्दीत तो कायदाच रद्द झाला. मौलाना अबुल कलाम आझाद यांनी १९१२ साली 'अल-हिलाल' काढले. सरकारने अनामत रकमेचा फास आवळून १९१४ साली ते बंद पाडले. मौलानांनी १९१५ साली 'अल-बलाग' सुरू केले. १९४२ च्या आंदोलनात तर आपल्या मुंबईतच उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी जागा बदलत बदलत गुप्त रेडिओ चालवला.

यातून दोन गोष्टी दिसतात. एक, लोकांना बोलायचेच असेल तर ते वाट काढतात. दुसरी, वाट काढण्याची किंमत सर्वांना परवडत नाही. इंग्रजी जाणणाऱ्या संपादकाला पत्र इंग्रजीत नेता आले. ज्याला बंगालीच येत होते त्या लहान पत्रवाल्याने काय करायचे? आजही तेच आहे. मोठ्याला वाट मिळते, लहान माणूस नाक्यावर उभा राहतो.

चीनची भिंत आणि दोन्हीकडून बंद झालेला दरवाजा

कापडाच्या, बटणांच्या, लेसच्या, शिलाई यंत्रांच्या सुट्या भागांच्या धंद्यात असलेल्यांना चीनमधील यिवूचा बाजार आणि केचिआओचे कापड मार्केट नावाने तरी माहीत असते. तेथे प्रथमच जाणारा व्यापारी हॉटेलात उतरतो, फोन उघडतो आणि व्हॉट्सॲप उघडत नाही. तेथे फेसबुक व ट्विटर २००९ पासून बंद आहेत. जीमेल २०१४ च्या अखेरीस पुरते बंद झाले. व्हॉट्सॲप २०१७ मध्ये अडवले गेले. तेथील लोक या बंदोबस्ताला भिंत म्हणतात आणि पळवाट काढण्याला 'भिंत ओलांडणे' म्हणतात.

ही भिंत ओलांडण्याचे मार्ग ठरलेले आहेत. आपल्या देशाचे सिम रोमिंगवर ठेवले तर पाकिटे आपल्या कंपनीमार्फत जातात आणि बहुधा व्हॉट्सॲप चालते. नाहीतर व्हीपीएन. पण सरकारने जानेवारी २०१७ मध्ये परवान्याशिवाय चालणाऱ्या व्हीपीएनविरुद्ध मोहीम काढली. त्याच वर्षी जुलैमध्ये ॲपल कंपनीने आपल्या चिनी दुकानातून अशी ॲप काढून टाकली. डिसेंबरात गुआंग्शी प्रांतातील एका माणसाला व्हीपीएन विकल्याबद्दल साडेपाच वर्षांची शिक्षा झाली. मोठ्या कंपन्यांना मात्र सरकारी टेलिफोन कंपन्यांकडून परदेशासाठी खास लाईन भाड्याने घेण्याची मुभा ठेवली. परवडेल त्याने घ्यावी.

बोलण्याच्या पळवाटाही चिनी लोकांनी काढल्या. १९८९ च्या ४ जूनला तिआनआनमेन चौकात जे घडले त्याचा उल्लेख यंत्र पकडते, म्हणून लोक '३५ मे' असे लिहू लागले. कॅलेंडरात नसलेली ही तारीख लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला बरोबर समजे. मग यंत्राला तीही शिकवण्यात आली.

चीनच्या बाजाराशी धंदा करणाऱ्यांना अखेर तेथलेच वीचॅट घ्यावे लागले. भाव, नमुने, पॅकिंगचे फोटो, सारे त्यावर. मग २९ जून २०२० रोजी आपल्या सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली आणि त्यात वीचॅटही गेले. सीमेवर आपल्या जवानांचे रक्त सांडले होते. देशाच्या सुरक्षेसाठी सरकारला कठोर व्हावे लागते, हे आम्ही मानतो. पण व्यापाऱ्याच्या बाजूने पाहिले तर असे झाले की, आपले ॲप तिकडे बंद आणि तिकडचे ॲप इकडे बंद. आयातीवर तर बंदी नव्हती. माल येत होता, फक्त बोलायची सोय गेली. ज्यांची तेथे कचेरी आहे त्यांचे काही अडले नाही. जो लहान दुकानदार फोनवरच माल मागवत होता त्याला दलाल धरावा लागला आणि दलालीचा खर्च गिऱ्हाईकावर पडला. दोन सरकारांच्या भांडणात वाटाघाटीला बसायची जागा व्यापाऱ्याला कोणीच ठेवली नाही.

सुक्याबरोबर ओलेही जळते

एकाला पकडण्यासाठी घातलेल्या बंदीत किती जण भरडले जातात याची उदाहरणे पुष्कळ आहेत. एप्रिल २०१८ मध्ये रशियाने टेलिग्राम अडवायला घेतले. टेलिग्राम पत्ते बदलत गेले आणि सरकार मागे लागून पत्ते बंद करत गेले. ॲमेझॉन आणि गुगलच्या जागेतील दीड कोटीहून अधिक आकडी पत्ते बंद झाले. त्यात टेलिग्रामशी काही देणे-घेणे नसलेल्या धंद्यांच्या साईट बुडाल्या. टेलिग्राम मात्र चालूच राहिले. शेवटी जून २०२० मध्ये सरकारने ती बंदी उठवली. २०२५ मध्ये पुन्हा त्याच वाटेने जाणे सुरू झाले, हा भाग वेगळा.

इजिप्तमध्ये जानेवारी २०११ च्या अखेरीस सरकारने जवळजवळ साऱ्या देशाचे इंटरनेट तोडले. लोकांनी जुने मोडेम काढून टेलिफोनच्या तारेने फ्रान्ससारख्या देशांतील नंबरांवर जोडणी केली. गुगल आणि ट्विटरने फोनवर बोललेला निरोप जगाला ऐकवण्याची सोय काढली. पण टेलिफोनचे परदेशी बिल भरून कोणी दुकान चालवू शकत नाही. पाच दिवसांच्या या बंदीचे थेट नुकसान ओईसीडी या संस्थेने किमान नऊ कोटी डॉलर धरले. सर्वात शेवटी जी कंपनी बंद झाली, तिच्या ग्राहकांत शेअर बाजार होता. मोठ्याची तार शेवटी तुटते, हा नियम तेथेही दिसला.

काश्मीरचे अठरा महिने

दूरची उदाहरणे पुरे. आपल्याच देशातील सर्वात मोठे उदाहरण काश्मीरचे आहे. हिवाळ्यात शालींचे गठ्ठे खांद्यावर घेऊन आपल्या गावोगावी फिरणारे काश्मिरी भाऊ आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्यांच्यामागे विणकर, रफूगर, रंगारी, भरतकाम करणारे, असा मोठा कुटुंबकबिला असतो. गालिचा, पश्मिना, कागदाच्या लगद्याचे काम, केशर, सफरचंद, सारा धंदा बाहेरच्या ऑर्डरीवर.

५ ऑगस्ट २०१९ रोजी कलम ३७० बाबतचा निर्णय झाला आणि इंटरनेट, मोबाईल, साधे टेलिफोन, सर्व बंद झाले. टेलिफोन हळूहळू सुरू झाले. इंटरनेट मात्र महिनोन् महिने बंद राहिले. काही कंपन्यांना लेखी हमी घेऊन जोडणी दिली गेली. जानेवारी २०२० च्या अखेरीस मोबाईलवर टूजी आले तेही ठरावीक साईटपुरते. यादीत प्रथम १५३ साईट होत्या, मग ३०१ झाल्या. म्हणजे पूर्वी बंद साईटची यादी असे, येथे चालू साईटची यादी निघाली. सोशल मीडियावरील बंदी ४ मार्च २०२० ला उठली. बहुतेक जिल्ह्यांत फोरजी परत यायला ५ फेब्रुवारी २०२१ उजाडले. ठोकळ हिशेबाने अठरा महिने.

लोकांनी काय केले? श्रीनगरहून रेल्वेने बनिहालला जायचे, कारण तेथे इंटरनेट चालत होते. कोणी परीक्षेचा फॉर्म भरायला, कोणी जीएसटीचे रिटर्न भरायला, कोणी गिऱ्हाईकाला उत्तर द्यायला. त्या गाडीला लोकांनी 'इंटरनेट एक्स्प्रेस' असे नाव दिले होते. टूजी आल्यावर घरोघरी व्हीपीएन आले. यादीतील साईटही धड उघडत नव्हत्या, म्हणून नाइलाजाने लोक पळवाट धरत होते. फेब्रुवारी २०२० मध्ये श्रीनगरच्या सायबर पोलिसांनी पळवाटेने सोशल मीडिया वापरून गैरप्रकार करणाऱ्यांविरुद्ध गुन्हा नोंदवला आणि त्यात यूएपीएसारखे कडक कलम लावले.

काश्मीर चेंबर ऑफ कॉमर्सने पहिल्या १२० दिवसांचे नुकसान १७,८७८ कोटी रुपये काढले. हस्तकलेच्या धंद्यात ५० हजारांवर कारागीर बेकार झाले असेही चेंबरचे म्हणणे होते. सर्व दोष इंटरनेटच्या बंदीवर टाकता येणार नाही. संचारबंदी होती, बाजार बंद होते, बाहेरचे गिऱ्हाईक येत नव्हते. पण ज्या कारागिराची ऑर्डर व्हॉट्सॲपवर येत होती, त्याला बाजार उघडूनही काय उपयोग? सरकारलाही ही अडचण कबूल करावी लागली. तेथील व्यापाऱ्यांसाठी जीएसटी रिटर्नची मुदत पुन्हा पुन्हा वाढवून द्यावी लागली.

काश्मीर हा अपवाद आहे असे म्हणून कोणी निश्चिंत राहू नये. राजस्थानात सरकारी नोकरीच्या परीक्षेत कॉपी होऊ नये म्हणून जिल्ह्याजिल्ह्यांत इंटरनेट बंद केले गेले आहे. मणिपुरात मे २०२३ पासून बंदी कित्येक महिने चालली. ॲक्सेस नाऊ या संस्थेच्या मोजणीनुसार २०२४ साली भारतात ८४ वेळा इंटरनेट बंद झाले. जगात त्याहून अधिक फक्त म्यानमारमध्ये, ८५ वेळा. लोकशाही देशाने लष्करी राजवटीच्या शेजारी बसावे, ही शोभेची गोष्ट नव्हे.

अफवेचे काय?

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. अफवेने माणसे मरतात. १ जुलै २०१८ रोजी आपल्या धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून भटक्या समाजातील पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले. ती अफवा मोबाईलवरूनच पसरली होती. दंगलीच्या दिवसांत एक खोटा व्हिडिओ किती आग लावतो हे आपल्या वस्त्यांना वेगळे सांगायला नको. दंगल झाली की सर्वात आधी दुकान जळते आणि ते बहुधा गरिबाचे जळते. म्हणून सरकारने हात बांधून बसावे असे आम्ही म्हणत नाही. एखाद्या गावात, काही तासांसाठी, खरोखर जीवावर बेतले असता बंदी घालावी लागली तर ती समजण्यासारखी आहे.

पण इलाज रोगापेक्षा भारी होऊ नये. इंटरनेट बंद केल्याने अफवा थांबत नाही, ती तोंडातोंडी जाते. खोटे पाडणारी बातमी मात्र थांबते. पोलिसांचे खरे निवेदन, शांतता समितीचे आवाहन, गावाबाहेर गेलेल्या माणसाची खुशाली, हेही त्याच तारेवरून येते. राईनपाड्याच्या खुनाचा इलाज खोटा निरोप तयार करणाऱ्याला व हात उचलणाऱ्याला पकडणे हा आहे. साऱ्या जिल्ह्याचा गल्ला बंद करणे हा नव्हे. आणि परीक्षेतील कॉपीसाठी साऱ्या शहराचे यूपीआय बंद करणे हे तर ढेकूण मारायला घर जाळण्यासारखे आहे.

कायदा आपल्या बाजूने काय सांगतो

हे आपल्या व्यापारी संघटनांना फारसे ठाऊक नाही, म्हणून सविस्तर लिहितो. काश्मीरच्या बंदीविरुद्ध पत्रकार अनुराधा भसीन सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १० जानेवारी २०२० रोजी निकाल लागला. न्यायालयाने सांगितले की, इंटरनेटवरून बोलण्याचा हक्क घटनेच्या कलम १९(१)(क) खाली आणि इंटरनेटवरून धंदा-व्यापार करण्याचा हक्क कलम १९(१)(छ) खाली सुरक्षित आहे. बेमुदत बंदी घालता येणार नाही. बंदी गरजेपुरतीच असावी. हुकूम जाहीर करावा, म्हणजे ज्याचे नुकसान झाले त्याला न्यायालयात दाद मागता येईल.

धंद्याचा हक्क हा शब्द नीट लक्षात घ्या. म्हणजे हा लढा फक्त पत्रकारांचा नाही, असे देशाच्या सर्वात मोठ्या न्यायालयानेच म्हटले आहे. नियमांप्रमाणे एक हुकूम १५ दिवसांपेक्षा जास्त चालत नाही आणि त्याची तपासणी समितीने करायची असते. असे असूनही डिसेंबर २०२१ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने दाखवून दिले की, देशात किती वेळा इंटरनेट बंद झाले याची नोंदच केंद्र सरकारच्या खात्यांकडे ठेवली जात नाही. जो व्यापारी आपल्या उधारीची वही ठेवत नाही त्याला आपण काय म्हणतो? एखादी साईट किंवा ॲप बंद करण्याचे हुकूम तर आयटी कायद्याच्या कलम ६९-अ खाली निघतात आणि २००९ च्या नियमांनी ते गुप्त ठेवले जातात. ज्याचे दुकान बंद केले त्याला कारणही कळू नये, हा न्याय नव्हे.

व्हीपीएनबद्दल दोन शब्द

'मग आपणही व्हीपीएन घ्यावे काय?' असा प्रश्न तरुण व्यापारी विचारतात. आपल्या देशात व्हीपीएन वापरण्यावर सरसकट बंदी नाही. कंपन्या आपल्या कामासाठी ते रोज वापरतात. २०२२ मध्ये केंद्राच्या सर्ट-इन या संस्थेने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षे ठेवण्याचा आदेश दिला. त्यावर काही परदेशी कंपन्यांनी आपले सर्व्हर भारतातून हलवले. अलीकडे जम्मू-काश्मीरच्या काही जिल्ह्यांत व्हीपीएनवर तात्पुरत्या बंदीचे हुकूमही निघाले आहेत. जेथे असा हुकूम आहे तेथे तो मोडून पोराबाळांनी पोलीस केस ओढवून घेऊ नये, असा आमचा स्पष्ट सल्ला आहे.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. फुकट मिळणारे प्रत्येक व्हीपीएन म्हणजे अनोळखी आडत्या आहे. तो गाठी उतरवून घेतो, पण त्याचा स्वतःचा खर्च कोठून निघतो याचा विचार करावा. कोण कोठे जातो, काय पाहतो, ही नोंद विकून पुष्कळ जण पोट भरतात. ज्याची पेढी माहीत नाही अशा आडत्याकडे आपण एक तागाही उधार टाकत नाही. मग त्याच्या हातून बँकेचा व्यवहार कसा करावा?

आपण काय करावे

नुसती तक्रार करून भागणार नाही. आमच्या अल्प मतीप्रमाणे पुढील गोष्टी आजच करण्याजोग्या आहेत.

एक. ठरावीक व्यापाऱ्यांचे, ट्रान्सपोर्टवाल्यांचे, कारागिरांचे फोन नंबर कागदाच्या वहीत उतरून ठेवावेत. इंटरनेट बंद असताना साधा फोन पुष्कळदा चालू असतो, पण नंबर व्हॉट्सॲपमध्ये अडकलेला असतो.

दोन. *९९# ही सेवा आणि २०२२ मध्ये आलेली यूपीआय १२३पे ही साध्या फोनची सोय इंटरनेटशिवाय चालते. बँकेत जाऊन विचारून ती चालू करून घ्यावी. चार दिवसांच्या मजुरीइतकी रोकड जवळ ठेवावी.

तीन. इंटरनेट बंद झाले तर संघटनेने हुकमाची प्रत मागावी. कोणत्या तारखेपासून, किती तास, कोणाचे किती नुकसान, कोणते ई-वे बिल अडले, कोणता ट्रक उभा राहिला, हे लिहून ठेवावे. न्यायालयात आणि सरकारदरबारी कागद बोलतो.

चार. संघटनांनी सरकारकडे तीन साध्या मागण्या कराव्यात. बंदीच्या काळात बँक, यूपीआय, जीएसटी आणि ई-वे बिलाचे पोर्टल चालू ठेवावे. जेथे सरकारी हुकमाने इंटरनेट बंद होते तेथे रिटर्नची मुदत आपोआप वाढावी, लेट फी लागू नये. आणि हुकूम कारणासह त्याच दिवशी जाहीर व्हावा. या मागण्या कोणत्याही पक्षाच्या नाहीत. मारवाडी, गुजराती, सिंधी, मोमीन, सर्व व्यापारी त्यावर एकत्र सही करू शकतात. बंदी आली की गल्ला सर्वांचाच रिकामा राहतो.

पाच. आपल्या घरातून, दुकानातून, जमातीच्या ग्रुपमधून एकही खोटा किंवा भडक निरोप पुढे जाणार नाही याची खबरदारी घ्यावी. बंदी घालणाऱ्याला कारण आपल्या हातून मिळू नये.

या पाचपैकी पहिली, दुसरी आणि पाचवी गोष्ट ज्याची त्याने आपल्या दुकानात करायची आहे. तिसरी आणि चौथी संघटनेची आहे. आपल्या संघटनांच्या बैठकीत बहुधा रस्ता, गटार, वीज दर आणि सुताचा भाव यांची चर्चा होते. पुढील बैठकीत हा विषयही कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा, १० जानेवारी २०२० च्या निकालाचा हवाला देऊन ठराव करावा आणि त्याची प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे व आपल्या खासदारांकडे पाठवावी. तार तुटल्यावर अर्ज लिहायला बसण्यापेक्षा तार चालू असतानाच तो लिहिलेला बरा.